एका चौकोनात दोघी

कणकवलीत डेपोच्या मागच्या रस्त्याला एका माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तेव्हा तिथे केर काढायचं काम मला मिळालं. आमचे हे डेपोच्या वर्कशॉपात होते, मुलं आपापल्या वाटेला लागली होती. दिवसभर भिंती बघत बसण्यापेक्षा सकाळचे दोन तास बाहेर गेलेले बरे, एवढाच माझा विचार होता. त्या खोलीत चपला घालून कोणी जात नसे. आठ मशिनं होती आणि प्रत्येकावर शिवलेलं कापडी आवरण. मी आवरणं काढून झटकायची, पडदे सुक्या फडक्याने पुसायची. ओलं फडकं आत न्यायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, खिडकी उघडी टाकायची नाही. आमच्या देवघरातसुद्धा एवढं सोवळं कधी नव्हतं.

क्लास चालवणाऱ्या मॅडम घाटावरच्या होत्या. मला ताई म्हणायच्या. मी कमी बोलते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि त्याबद्दल मला काही विचारलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या.

आमच्या घरी फोन नव्हता. मी क्लासचा नंबर माहेरी देऊन ठेवला होता, काही अडलं तर असावा म्हणून. त्या फोनवर एक दिवस दादाच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सावत्र. त्याची आई वेगळी, माझी वेगळी. दादा आणि त्याच्या पाठचा भाऊ हे पहिल्या आईचे, मी एकटी दुसरीची. पण आमच्या घरात हे मोठ्याने कोणी बोलत नसे आणि न बोलता बोलता ते पुढच्या पिढीला कळलंही नाही. माझी आई म्हणजे आजी वारल्यावर मुलांना सांभाळायला आलेली नात्यातली कुणी बाई, असंच ती पोरं समजत.

"आत्ये, आपल्या घराण्याचां झाड करतंय मी," भाचा म्हणाला. "इंटरनेटवर. कोण कोणाचो, कोण खंय गेलो, सगळां. बाबा म्हणतत, ता सगळां तुझ्या डोक्यात आसा."

"माझ्या डोक्यात काय आसतला?"

"तू बोल मगे. मी लिहितंय."

त्या दिवशी मी जितकी बोलले तितकी लग्न झाल्यापासून एका दमात कधी बोलले नसेन. पणजोबा चार भाऊ. त्यातला एक गोव्याच्या बाजूला होडीवर गेला तो तिकडचाच झाला. एकाला मूलबाळ नाही, म्हणून भावाचा मुलगा मांडीवर घेतला. जे मला येत नव्हतं ते पुढचे दोन महिने मी विचारून विचारून गोळा केलं. माहेरी जायची तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांजवळ बसायची. पुरुषांना आपल्या आज्याच्या पुढे काही सांगता येत नाही. बायकांना येतं, कारण कुणाच्या बाराव्याला कुणाकुणाला निरोप धाडायचा आणि किती पानं मांडायची, हे त्यांनाच लक्षात ठेवावं लागतं. एका कागदावर लिहून मी सगळं भाच्याला फोनवर वाचून दाखवायची. तो म्हणायचा, "आत्ये, तू नसतंस तर ह्यां झालां नसतां." हे ऐकायला मला फार बरं वाटे. खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी लिहिता लिहिता तो आमच्या घरापर्यंत पोचला. त्याच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. "आजीचां नाव?" मी सांगितलं. "वारली कधी?" तेही सांगितलं. ती तारीख मला तोंडपाठ होती, कारण दर वर्षी पितृपक्षात नवमीला तिच्या नावाचं पान माझी आईच वाढत असे आणि ती कुठल्या साली, कुठल्या दिवशी गेली ते तेव्हा सांगत असे. सवाष्ण गेलेल्या बाईची ती तिथी. माझ्या आईने ती एकदाही चुकवली नाही.

"आणि तुझ्या आवशीचां नाव?" भाच्याने विचारलं.

मी तेच नाव पुन्हा सांगितलं.

"तांच?"

"होय. तांच."

त्या क्षणी मी पुढे बोलायला हवं होतं. समोरच्या बाकावर तीन मुलं आपली पाळी यायची वाट बघत बसली होती, मॅडम कुणाचा तरी फॉर्म भरत होत्या आणि सगळ्यांना माझं बोलणं ऐकू जात होतं. मला 'पाट' हा शब्द तिथे उच्चारता आला नाही. मी गप्प राहिले आणि भाच्याला वाटलं, आत्याची आणि बाबांची आई एकच, हे काय विचारायचं होतं!

पुढे काही महिन्यांनी त्याने वेबसाइटचा पत्ता मॅडमना सांगितला आणि माझ्यासाठी एक पासवर्डही दिला, म्हणजे मला काही आठवलं तर मी भर घालावी. क्लास सुटल्यावर मॅडमनी मशीन लावलं. जोडणी लागताना फोनमधून गळा धरलेल्या कोंबड्यासारखा आवाज आला. आधी मराठीच्या जागी नुसते रिकामे डबे उमटले. मॅडमनी काहीतरी अक्षरांची फाइल उतरवून घेतली, तेव्हा त्या डब्यांची नावं झाली. पुरुषांना निळे चौकोन, बायकांना गुलाबी. रेघांनी एकमेकांना बांधलेले. मी म्हाताऱ्यांजवळ बसून गोळा केलेली माणसं तिथे ओळीने उभी होती. गोव्याकडे गेलेलासुद्धा.

"ह्या बघा तुम्ही!" मॅडम म्हणाल्या. माझं माहेरचं नाव मी कित्येक वर्षांनी कुठेतरी छापलेलं बघत होते. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या आणि हसायला लागल्या. "अहो ताई, पण हे कसं? ह्या तुमच्या आई वारल्या, आणि त्यानंतर चार वर्षांनी तुमचा जन्म? भुताच्या पोटच्या की काय तुम्ही?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायच्या थांबल्या.

मी त्यांना सांगितलं. त्याआधी मी हे परक्या माणसाला कधीच सांगितलं नव्हतं. माझी आई दुसऱ्या गावात दिलेली. तिचा पहिला नवरा होडीबरोबर बुडाला, मूल झालेलं नव्हतं. इकडे माझ्या वडिलांची बायको दोन लहान मुलगे मागे ठेवून वारलेली. मग माझ्या आईला पाटाने आणली. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, पण त्याला लग्न म्हणत नाहीत. मांडव नाही, वाजंत्री नाही, अंतरपाट नाही, सवाष्णींनी समोर यायचं नाही. आणि आमच्या घराण्यात पुढची एक रीत होती. पाटाने आलेल्या बाईला मेलेल्या बायकोचंच नाव ठेवायचं. तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिचं रूप ठोकलेला छोटा पत्रा, गळ्यात बांधायचा. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपल्या अंगाला. एवढं केलं म्हणजे मेलेली शांत राहते, घरात त्रास देत नाही. तसं ते नाव रेशनकार्डावर गेलं, मतदार यादीत गेलं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर गेलं. आणि मी स्वतःच्या तोंडाने ते इंटरनेटवरही घातलं.

माझी आई तेव्हा ऐंशीला आलेली, पण चालती-बोलती होती. दादाच्या घरी राहत होती. मला एवढंच हवं होतं की ती आहे तोवर तिला तिचा वेगळा चौकोन मिळावा.

मी भाच्याला फोन केला. मॅडम मुद्दाम उठून बाहेर गेल्या. कसंबसं सांगितलं.

"म्हणजे पाट?" त्याने आवाज खाली केला. मुंबईत त्याच्या बाजूलाही कोणीतरी बसलेलं असावं. "बाबा कधी बोलले नाहीत. विचारून सांगतो."

त्या घटकेपासून तो माझ्याशी मालवणी बोलायचा थांबला. आठवड्याने त्याने फोन केला तो शुद्ध मराठीत. "आत्या, राहू दे ते. माझ्या ताईसाठी स्थळं बघतायत. आता समोरची माणसं वेबसाइटसुद्धा बघतात. आपल्यात पाट लागत नाही, असं बाबांनी लोकांना सांगितलंय. आणि नाव तर आहेच ना तिचं?"

"ता तिचां नाय."

"पण तेच लावते ना ती?"

मी फोन ठेवला आणि मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "झाड त्यांचं आहे, ते त्यांच्या मनासारखं वाढवणार. तुम्ही तुमचं सुरू करा." अशा कामाची माहिती देणारी इंग्रजी पानं त्यांनी शोधली होती. ती वाचून मला सांगायच्या. आपल्यापासून सुरुवात करायची. मग आई, बाप. मग त्यांचे आईबाप. माहीत असेल तेवढं आधी कागदावर उतरायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, मगच मशीनकडे वळायचं. मशीन आयतं काही देत नाही, कुठे जाऊन विचारावं एवढं दाखवतं. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही. मॅडम पत्ता कागदावर लिहून द्यायच्या आणि मी रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी एकेक अक्षर बघून बघून दाबायची. चुकलं की पान उघडायचं नाही. मशीन रागवत नसे, हे मला बरं वाटे.

कागदावर मी माझं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं. आईच्या माहेरचं गाव लिहिलं, तिच्या बापाचं नाव लिहिलं, ते मला ऐकून माहीत होतं. मग आईच्या नावापाशी आले आणि हात थांबला. मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. पन्नाशी उलटली होती माझी. दुसऱ्यांचे पणजे-खापरपणजे शोधत दोन महिने दारोदार फिरले होते, आणि घरातल्या बाईला तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. दादाला किंवा भाच्याला मी काय बोल लावायचा?

मतदार यादी उघडली. तिथे ती मेलेलीचंच नाव घेऊन बसलेली. तिच्या माहेरच्या गावची यादी उघडली, त्या आडनावाचे पुरुष सापडले, त्यांच्या बायका सापडल्या. दुसऱ्या गावात दिलेल्या मुली माहेरच्या यादीत कशाला असतील? मॅडमनी मग एका पानावर इंग्रजीत प्रश्न लिहून ठेवला. चार दिवसांनी कुठल्या तरी दूरच्या देशातून एका अनोळखी माणसाने उत्तर दिलं की तुमच्या भागात जुनी जन्ममृत्यूची बुकं तालुक्याच्या कचेरीत ठेवलेली असतात, तिथे बघा. आमच्या एसटीने तासाभराच्या रस्त्यावरची गोष्ट, आणि मला ती सात समुद्रांपलीकडून कळली.

कचेरीत जायला मला तीन आठवडे लागले. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी आत गेले.

"कुणाचा दाखला पाहिजे?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"आईचा. जन्माचा."

"नाव?"

"ते माहीत नाही. तेच बघायला आले."

त्याने पेन खाली ठेवलं आणि बाजूच्या टेबलाकडे बघून म्हणाला, "आयकलंस रे? आवशीचां नाव म्हायत नाय, आणि आवशीचो दाखलो होयो." मग मला, पुन्हा मराठीत, "बाई, नावाशिवाय आम्ही काय शोधणार?"

मी बापाचं नाव आणि गाव सांगितलं. तिथेच उभी राहिले. मला भांडता येत नाही, पण उभं राहता येतं. शेवटी आतून एक म्हातारे कारकून आले, त्यांना मोडी वाचता येत होतं. त्यांनी पिवळं पडलेलं बुक काढलं, बोट ठेवून बरीच पानं उलटली आणि माझ्या आजोबांच्या नावापाशी थांबले. "हां. स्त्री," ते म्हणाले. दोन पानं पुढे, "स्त्री." मग एक "पुरुष." मग पुन्हा, "स्त्री."

"नावं?"

"नावं नाहीत लिहिलेली. पोर झालं की कोतवाल वर्दी द्यायचा, नोंद व्हायची. नाव ठेवणार बाराव्या दिवशी, तोवर थांबतो कोण?" ते चांगले होते. बुक मिटताना म्हणाले, "ह्या तिघींतली एक तुमची आई, एवढं नक्की."

आता आईलाच विचारायचं राहिलं होतं, जे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. पण आमच्या घरात तिला तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल विचारणं म्हणजे तिला घराबाहेरची म्हणणं. म्हणून मी आधी आठ मशिनं, एक परका देश आणि एक कचेरी फिरून आले.

माहेरी गेले तेव्हा आई मागच्या पडवीत सूप घेऊन सुकट निवडत होती. दादाची बायको दारातच म्हणाली, "ये गो बाय. आवस गावली काय इंटरनेटवर? हंय तर ती मागल्या दारी बसली आसा." माझी ही वयनी जिभेची तिखट, पण आईला वेळेवर पेज द्यायला कधी चुकली नाही. मी हसले आणि मागे गेले.

आईच्या बाजूला बसून मीही सुकट निवडायला घेतली. सुपातली अर्धी निवडून झाली. मग विचारलं, "आये, तुझां माहेरचां नाव काय?"

तिची बोटं चालतच राहिली. "कित्याक? माका कागद धाडतलंस?"

"कॉम्प्युटरवर घालूचां आसा."

"थंय काय आसता?"

"घराण्यातली सगळी माणसां. आजे, पणजे, खापरपणजे."

"म्हणजे मेलेली. माका आताच कित्याक घालतंस गो? जरा कळ काढ."

"तुका थंय आधीच मारून ठेवल्यानी, आये."

"कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी चार वर्सां."

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "बरोबरच आसा मगे. त्याच सुमाराक मेलंय मी."

मग तिने मला सांगितलं. तिने पाट लावायचं कबूल केलं, तेव्हा तिच्या सख्ख्या-चुलत भावांनी तिच्या नावाने आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी, विहिरीवर, सगळ्या वाडीच्या देखत. त्यानंतर ती त्या गावात गेली नाही. बाप मेला तेही तिला बाजारात, मासे विकायला बसली असताना, दुसऱ्या मासेवालीकडून कळलं. हे सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. सुकटीतला कचरा ती वेगळा काढत होती.

आणि मग तिने नाव सांगितलं. लहानसं, दोन अक्षरी. तिच्या तोंडात ते नवं वाटलं, दुसऱ्याच कुणाचं घेतल्यासारखं. मी मनात दोनतीनदा म्हणून बघितलं.

"पण लिवू नको," ती म्हणाली.

"कित्याक?"

"त्या नावाची बाई थंय मेली. मेलेल्याचां नाव जित्या माणसान लावूक नये."

माझ्या ओठांवर आलं होतं, आये, मग जन्मभर दुसरं काय केलंस? तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता. तिला समजलं असावं, कारण ती थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "मी मेलंय काय मगे लिव. तेव्हा माझी हरकत नाय."

कणकवलीला आल्यावर मी मॅडमना म्हटलं, नाव नको, पण चौकोन तर करूया. माझ्या पासवर्डने पान उघडलं. वडिलांच्या बाजूला दुसरा गुलाबी चौकोन काढला. नाव रिकामं ठेवलं तर मशीन तो घेईना. मॅडमनी तिथे 'दुसरी पत्नी' एवढंच लिहिलं, आणि माझी रेघ पहिल्या चौकोनातून सोडवून ह्या चौकोनाला बांधली. दुसऱ्या दिवशी झाडलोट झाल्यावर मी ते बघितलं. होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. चौथ्या दिवशी नव्हतं. माझी रेघ परत मेलेल्या बाईपाशी गेली होती. पासवर्ड घातला तर मशीन म्हणालं, चूक. मला वाटलं माझंच अक्षर चुकलं, म्हणून मी पाचसहा वेळा घातला.

संध्याकाळी क्लासवर दादाचा फोन आला, मॅडमनी एका मुलाला पाठवून मला बोलावून घेतलं. तो मला कधी फोन करत नसे.

"तुका थंय हात घालूक कोणी सांगलेलो?"

मी समोरच्या मशीनवर आवरण ओढलं.

"तुझी आवस माझ्या घरात जेवता-खाता. तिका आमी काय कमी केलंव? सांग, काय कमी केलंव?"

काही कमी केलं नव्हतं. दुखण्याखुपण्यात डॉक्टर आणला, सणाला लुगडं आणलं. दादा तिला लहानपणापासून आईच म्हणत आला. तिनेही त्याला पोटच्यासारखा वाढवला. मी फोन ठेवला. घरी आले तर आमचे हे म्हणाले, "मेलेल्यांच्या भानगडीत पडू नये माणसान. गिळूक वाढ." मी वाढलं.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी आई गेली. झोपेतच गेली. भाचा मुंबईहून रात्रीची गाडी पकडून आला आणि खरंच रडला, तेही सांगायला हवं. तो वाईट मुलगा नाही. तेराव्याचं जेवण झाल्यावर माणसं पांगली, तेव्हा मी त्याला पडवीत गाठलं आणि आईचं नाव सांगितलं. म्हटलं, आता लिहायला हरकत नाही, तिनेच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "आत्या, मे महिन्यात मुंबईत घराण्याचं संमेलन आहे, त्याची स्मरणिका छापायला गेली. पण वेबसाइटवर बघतो मी. सवड काढतो." त्याने नाव कुठेही टिपून घेतलं नाही.

मी रोज सकाळी बघायची. पासवर्ड नसला तरी बघता येत होतं. मला वाटलं होतं, नाव नाही तर नाही, पण निदान आई गेल्याची तारीख तरी पडेल. घराण्यात कोण वारलं की भाचा लगेच घालायचा, दादाच्या धाकट्या भावाची सून वारली तिची आठवड्यात पडली होती. आईची पडली नाही. मग एके दिवशी लक्षात आलं, ती पडणार कुठे? त्या चौकोनात तारीख आधीच होती. माझी आई खरोखर मेली तेव्हा भरायला तिथे जागाच नव्हती.

पावसानंतर स्मरणिका टपालाने आली. गुळगुळीत जाड कागद, मधल्या दोन पानांवर झाड. 'माहिती संकलन' म्हणून खाली पाच नावं, सगळी पुरुषांची. मी गोळा केलेलं सगळं होतं. मीही होते, मेल्यावर चार वर्षांनी त्या बाईने जन्म दिलेली. छापलेल्याला काही करता येत नाही. पण वेबसाइटचं करता येतं, एवढं मी शिकले होते. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. बाकावर मुलं होती, मॅडम होत्या, मी कुणाकडे बघितलं नाही.

"माका काढ थंयसून," मी म्हटलं.

"काय?"

"माझो चौकोन. काढून टाक."

"आत्या, असं काय करतेस? राग धरू नकोस. आणि तुला काढली तर खालची तुझी मुलंही जातात. सगळी शाखाच जाते."

"जावंदेत."

"अगं पण कशासाठी?"

"चुकीचां आसा म्हणान. त्या बाईक दोनच झील होते. चेडू नव्हतां."

तो मग म्हणाला, "बघतो."

आईला घालायला नऊ महिने त्याला सवड नव्हती. मला काढायला दुपारही लागली नाही. क्लास सुटल्यावर मॅडमनी पान उघडलं. वडिलांचा निळा चौकोन, बाजूला त्या बाईचा गुलाबी, खाली दोन मुलगे. माझी रेघ जिथे होती तिथे काही नव्हतं, पुसल्याची खूणसुद्धा नाही. मॅडमनी तारखा लावून बघितल्या आणि पान मिटलं.

आता ते झाड बरोबर आहे. त्या बाईला दोन मुलगे झाले आणि ती तरुणपणी वारली. कुणीही वर्षं मोजून बघावीत, चूक सापडणार नाही.